दिवाणखान्याचा रंग

सरदार खंडेरावांना दिवाणखान्यासाठी आपल्या थाटाला शोभेल असाच रंग हवा होता. रंगारी दाखवील त्या रंगाला ते नाक मुरडत. तिकडे धुराने काळवंडलेलं माजघर कधीचं खोळंबलं होतं. शेवटी पत्नी सगुणाबाईंनी एक रंग सुचवला, तर सरदार हसले, "बायकांना थाटातलं काय कळतं?"

"खरंच," बाई म्हणाल्या. "पण चारही भिंती इकडच्याच तसबिरींनी भरल्यात. नवा रंग दिसायचा तर त्यातली एखादी उतरवावी लागेल. कोणती, तेवढं इकडून सांगावं."

सरदारांनी घोड्यावरचे आपण पाहिले, वाघावर पाय ठेवलेले आपण पाहिले. मिशीला पीळ देणाऱ्या तसबिरीपाशी तर डोळेच पाणावले.

"जुनाच रंग बरा आहे," ते पुटपुटले.

दुपारी रंगारी माजघरात रंग कालवत होता, सगुणाबाईंच्या पसंतीचा.