सदतिसाव्या पानाची शाई

"म्हणजे ती जागा तशीच रिकामी ठेवायची? स्वामींचा शब्द पुसला गेलाय, आणि आपण नुसतं बघत बसायचं?"

विश्वंभरचा आवाज ओसरीवरून थेट नदीच्या घाटापर्यंत गेला असेल. खाली धुणं धुणाऱ्या दोन बायकांनी मान वर करून पाहिलं.

नरहरबुवा धोतराच्या सोग्यानं चष्म्याची काच पुसत होते. आधी एक, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. ही शांत माणसं समोरच्याला फार छळतात.

पूर्णेकाठचा हा मठ लहानसा आहे. इथं मूर्ती नाही. केवलस्वामींनी दोनशे वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं लिहिलेली चौऱ्याऐंशी पानांची ओवीबद्ध पोथी हाच इथला देव. नरहरबुवा तिचे राखणदार. वय पंच्याहत्तरच्या पुढं.

विश्वंभर त्यांचा शिष्य. रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होता. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून मठात आला. नोकरी सुटली, पण रंगाला रंग जुळवायची खोड सुटली नाही.

आणि त्या दोघांच्या मध्ये सदतिसावं पान.

त्या पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातला एक शब्द नाहीसा झालेला होता. पान उलटताना पिढ्यान् पिढ्या सगळ्यांचा ओला अंगठा नेमका तिथंच पडायचा. शब्द झिजला, कागद तेवढा उरला. ओवी अशी होती :

कोणी म्हणे मी पावलों । कोणी म्हणे मी हरपलों ।
मी तंव दारींच … । तुझिया देवा ॥

"दारींच काय, बुवा?" विश्वंभर म्हणाला. "बसलों? रडलों? पोथीवाचनात ही ओवी आली की ऐकवत नाही. जो तो आपापला शब्द ठोकून देतो. दामूअण्णा ‘रुसलों’ म्हणतात. शाळेतले गुरुजी ‘भांडलों’ म्हणतात, तेही मोठ्यानं. आणि ती गिरजाबाई कुंभारीण ‘निजलों’ म्हणते! स्वतः पेंगत असते ना, म्हणून."

"म्हणू दे की…"

"म्हणू दे काय? हे स्वामींचे शब्द आहेत. का लग्नातले उखाणे आहेत?"

बुवांना हसू आलं. त्यांनी ते दाबलं. विश्वंभरला ते दिसलं, आणि तो आणखी भडकला.

"सोमवारी विद्यापीठातली माणसं येतायत. पानन् पान फोटोत घेणार. त्यावरून पुस्तक छापणार. एकदा ती रिकामी जागा छापली गेली की कायमची रिकामी. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"मग?"

"मग काय… छापतील."

विश्वंभर उठला, आत गेला आणि एक चौकोनी बाटली घेऊन आला. सोबत एक जाडसर फाउंटन पेन आणि जुन्या कागदाचे तुकडे. मठात कोऱ्या जुन्या पानांचा एक गठ्ठा होता, त्यातलेच ते तुकडे. त्यानं सगळं बुवांपुढं मांडलं.

"हे बघा आणि मग नाही म्हणा."

"काय आहे?"

"शाई. सतरा बाटल्या फुकट गेल्या, ही अठरावी. पहिली फार लाल झाली. मधल्या सगळ्या चहासारख्या. चौदावी जमली होती, पण कागदावर फुटायची." आता त्याच्या आवाजात रागाखाली अभिमान होता. "पोथीतली शाई मूळची काळी होती, बुवा. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून केलेली. तिच्यातलं लोखंड गंजत गेलं आणि ती तपकिरी झाली. दोनशे वर्षांचा तो गंज मी चार महिन्यांत बाटलीत भरलाय."

बुवांनी बाटली उजेडाकडं धरली, जरा हलवून पाहिली.

"आणि या पेनातून चालते?"

"पाण्यासारखी. गाळ नाही, अडकणं नाही. निब बोरूसारखी तिरकी घासून घेतलीय. लिहून तरी बघा."

बुवांनी पेन घेतला. टोपण काढून कागदाच्या तुकड्यावर सावकाश ‘श्री’ काढला.

ओली असताना शाई गडद दिसली. मग वाळू लागली तशी ती उतरत गेली आणि पोथीच्या रंगावर येऊन थांबली. बुवांनी तो तुकडा सदतिसाव्या पानाला लावून धरला. भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं.

"सुरेख आहे," ते म्हणाले.

विश्वंभरचा चेहरा उजळला. गेल्या तीन वर्षांत बुवा त्याच्या कुठल्याच गोष्टीला सुरेख म्हणाले नव्हते.

"मग भरू शब्द?"

"नाही."

"का?"

बुवांनी पेनाचं टोपण लावलं आणि पेन त्याच्यापुढं ठेवला.

आता मात्र विश्वंभर खरोखरच संतापला. आणि खरं सांगायचं तर त्याचं काही चुकत नव्हतं. चार महिने या माणसानं घसा फोडून विचारलं होतं, हे करू का. बुवा दर वेळी ‘बघू’ म्हणाले होते. ‘बघू’ म्हणून माणसाला राबवायचं आणि शेवटी ‘नाही’ म्हणायचं, हा कुठला न्याय? मलाही हे ऐकताना बुवांचा रागच आला.

"तुम्हाला भीती वाटते," विश्वंभर म्हणाला. "शिष्याला जमलं ते आपल्याला जमलं नाही, म्हणून. सरळ सांगा ना तसं."

बुवा त्याच्याकडं बघत राहिले.

"शब्द कुठला भरणार होतास?"

"‘राहिलों’. मी तंव दारींच राहिलों, तुझिया देवा. मात्रा बसतात, यमक बसतं, अर्थ बसतो."

"‘रुसलों’सुद्धा बसतं की."

"बसतं. पण स्वामी तसं म्हणत नाहीत. अकरावं पान काढा. ‘उंबरठ्यापाशी राहिलों.’ दाराशी आले की स्वामी ‘राहिलों’ म्हणतात. याहून मोठा पुरावा कुठला पाहिजे तुम्हाला?"

"अकरावं…"

बुवा तेवढंच म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी स्वतःच पोथीची पानं मागं उलटली. अकरावं पान काढून विश्वंभरपुढं सरकवलं, वर भिंग ठेवलं.

"हे ‘राहिलों’ नीट बघ."

"शंभरदा बघितलंय. यावरूनच तर मी हात बसवला. रोज दोनशे वेळा गिरवत होतो. आता मी डोळे मिटून लिहिलं तरी स्वामींचंच वळण येतं."

"वळण चांगलं आहे?"

"असा ‘ल’ स्वामींखेरीज कुणाचा नाही."

बुवांनी मान खाली घातली.

"चव्वेचाळीस वर्षं झाली. मी तिशीत होतो," ते म्हणाले. "मीही शाई केली होती. हिरडा, कात, आणखी काय काय… तिकडं चुलीवर आटवली. बोरू तासला. पोथीत सात शब्द झिजले होते, ते भरले."

विश्वंभरला आधी समजलंच नाही.

"भरले म्हणजे?"

"तू आज मागतोयस, तेच. माझ्या गुरूंना मी विचारलंसुद्धा नाही. तू निदान विचारलंस."

"…कुठले सात?"

"पुढं मनाला खायला लागलं. शोधायला बसलो. चार सापडले, ते पात्यानं खरवडून काढले. सदतिसाव्यावरचा त्यातलाच एक. लोकांना वाटलं, अंगठ्यानं झिजला."

"काय होतं तिथं? तुम्ही काय घातलं होतंत?"

"गिरजाबाईला विचार. ती लहान होती तेव्हा. माझ्याच तोंडून पाठ केलंय तिनं."

तिच्या ‘निजलों’ला विश्वंभर तीन वर्षं हसला होता.

"आणि बाकीचे तीन?"

"सापडत नाहीत." बुवांचा आवाज खाली गेला. "अकराव्या पानावर एक आहे, एवढं आठवतं. कुठला, ते नाही आठवत. हा ‘राहिलों’ असेल. त्याच्या वरच्या ओळीतला असेल. रोज सकाळी भिंग घेऊन बसतो. तुम्ही म्हणता, बुवांचं वाचन चाललंय…"

खालून धुण्याचे आवाज येत होते.

मग विश्वंभर उठून उभा राहिला.

"लोक या अक्षरांवर डोकं टेकवतात, बुवा! आजारी माणूस आला की पोथी त्याच्या उशाशी नेता तुम्ही! लहान लेकराला पहिलं अक्षर यातलं दाखवता! आणि त्यात तुमचे शब्द?"

"हो."

"मी हे वळण गिरवलं. चार महिने! स्वामींचं समजून! म्हणजे मी कुणाला गिरवत होतो? तुम्हाला?"

"असेल… नसेलही."

"असेल नसेल काय म्हणता! नोकरी सोडून आलो मी इथं. आई अजून धड बोलत नाही माझ्याशी. कशासाठी आलो? जगात एक तरी गोष्ट अस्सल असावी म्हणून आलो. आणि तुम्ही त्यात भेसळ करून वर गादीवर बसलात! चव्वेचाळीस वर्षं! एकदाही लाज नाही वाटली?"

"वाटली."

"मग सांगितलं का नाहीत?"



"शाई घेऊन कुणी आलंच नव्हतं."

हे उत्तर विश्वंभरला मुळीच पटलं नाही. मला विचाराल तर मलाही पटलेलं नाही. चव्वेचाळीस वर्षांत सांगायला शाईच लागते असं थोडंच आहे?

"ठीक आहे," तो म्हणाला. "मी सांगतो. सोमवारी ती माणसं आली की पहिलं हे सांगतो. पोथीचं एक पान फोटोत जायच्या आधी."

"सांग."

"तोंडी नाही. लेखी देतो. म्हणजे उद्या तुम्ही ‘असेल नसेल’ करायला नको. पुस्तकात छापायला लावतो, पहिल्या पानावर!"

"दे."

त्या एका ‘दे’नं त्याचा उरलासुरला तोल गेला. तो खाली बसला. समोर होता तो पेन ओढला, समोर होता तो जुन्या कागदाचा तुकडा घेतला आणि रागारागानं लिहू लागला. निब कागदावर खरखरत होती. एका दमात त्यानं दोन ओळी लिहिल्या :

या पोथींत नरहरानें आपुलीं अक्षरें घातलीं आहेत.
वाचणारानें सावध असावें.

चार महिन्यांची सवय. अक्षरच काय, भाषासुद्धा पोथीच्या वळणानं उतरली. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही. त्यानं कागदावर फुंकर घातली. गडद शाई वाळली, उतरली आणि जिथं थांबायची तिथं येऊन थांबली.

"घ्या! वाचा!"

त्यानं कागद बुवांपुढं जवळजवळ आपटलाच.

बुवांनी तो उचलला. डोळ्यांजवळ नेला. भिंग घेऊन एकेक अक्षर पाहिलं. ‘घातलीं’मधल्या ‘ल’पाशी जरा थांबले.

मग त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी तो कागद कपाळाला लावला.

विश्वंभर ताडकन पुढं आला.

"अहो, हे काय करताय? बुवा! ते स्वामींचं नाही. ते मी लिहिलंय, मी! आत्ता!"

बुवांनी डोळे उघडले.

"कशावरून?"