मिशीला बांधलेला लाल धागा

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा बैल बोलत असत. व्यापारी मात्र आजच्यासारखेच गप्प बसत नसत.

एका राज्यात खेमाशेट नावाचा व्यापारी होता. जुनी वाद्यं विकत घ्यायची, घासूनपुसून चकचकीत करायची आणि गाडीने दूरदूरच्या गावांना पाठवायची, हा त्याचा धंदा. त्यातही त्याचा हात बसला होता तो खर्जवीणेवर. खर्जवीणा म्हणजे पुरुषभर उंच, जाड तारांची, थोरल्या भोपळ्याची वीणा. तिचा आवाज कानाआधी पोटात ऐकू येई. मैफलीत तिच्याकडे कोणी बघत नसे. पण ती थांबली, की गाणाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरके.

त्या राज्यात एक रीत होती. वाद्य जिथे मोडलं आणि जोडलं, तिथेच कारागीर लाखेत बुडवलेला धागा बांधी. भोपळ्याला तडा गेला असेल तर हिरवा, तारांखालची घोडी बदलली असेल तर पिवळा, आणि मान मोडून जोडली असेल तर लाल. गाडीवान माल बांधताना आधी धागे बघत. धाग्यावर दोर आवळायचा नाही, तिथे पेंढा जास्त घालायचा. धाग्याच्या जागी मोडलं तर भरपाई गाडीवानाची. धागा नसलेल्या जागी मोडलं तर नुकसान मालकाचं.

रीत साधी होती, शहाणी होती. म्हणूनच ती खेमाशेटला डाचत होती. धागे दिसले, की गिऱ्हाईक भाव पाडी.

एके दिवशी तो आवडाईच्या घरी गेला. आवडाई म्हातारी वादक. तिची बोटं आता आखडली होती, म्हणून ती वीणा विकायला निघाली होती.

"आवडाई, ही वीणा आहे की बोहल्यावरची नवरी?" खेमाशेट कपाळाला हात लावून म्हणाला. "केवढे हे धागे! हिला घ्यायची म्हणजे सोबत वैद्यही ठेवायला हवा."

"उभा जन्म वाजवली हो शेट, शोभेला नव्हती ठेवली," आवडाई म्हणाली. "हा लाल धागा तेवढा नीट बघा. जत्रेहून येताना गाडी कलंडली, तेव्हा मान गेली. जोड पक्का आहे, वाजवताना कळतसुद्धा नाही. पण त्याच्यावर दोर आवळला, तर—"

"हो हो हो," खेमाशेट म्हणाला. हे तीन 'हो' तो न ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीला देत असे.

ऐकणार कसा? त्याचं मन केव्हाच राजधानीत पोचलं होतं. राणीसाहेब स्वतः खर्जवीणा वाजवीत, आणि त्यांच्या वीणेला वाळवी लागली होती. उत्सव तोंडावर आला होता. दवंडी पिटली गेली होती: ज्याची वीणा राणीसाहेबांना पसंत पडेल, तो दरबाराचा व्यापारी. त्याने दुकानावर 'राजमान्य' अशी पाटी लावावी.

खेमाशेटने पाटी आधीच रंगवून घेतली होती. जाड सागवानी फळी, सोनेरी अक्षरं. उशीर कशाला?

वीणा विकत घेऊन घरी येताच त्याने कात्री घेतली आणि वीणेचे सगळे धागे कापले. खुणा राळेने बुजवल्या, वर तिळाचं तेल चोळलं. वीणा अशी दिसू लागली, जणू कुणी तिला कधी हातच लावला नव्हता. धागे मात्र मजबूत होते. ते फेकून देणं त्याच्या जिवावर आलं. त्याने ते एकत्र वळले आणि आपल्या बटव्याची नाडी केली. लाल, हिरवी, पिवळी. छान दिसत होती.

सकाळी सटवाजी गाडीवान आला. त्याचा मोत्या बैल अबोल होता. चांद्या बैल त्याचीही कसर भरून काढी.

सटवाजीने वीणा मानेपासून भोपळ्यापर्यंत न्याहाळली. "शेट, धागे दिसत नाहीत."

"असतील तर दिसतील ना!"

"जुनी आहे म्हणता, आणि एकदाही मोडली नाही?"

"अरे, घरंदाज वाद्य आहे हे. पडत नाही, रडत नाही. बांध तू बिनधास्त."

"म्हणजे कुठेही बांधू?"

"कुठेही बांध रे बाबा, ऊन चढतंय!"

सटवाजीने भोपळ्याखाली पेंढा घातला आणि दोर नेहमीसारखा मानेच्या मधोमध आवळला. तिथे दोर सर्वांत चांगला बसतो. चांद्याने मान वळवून मालाकडे पाहिलं, मग खेमाशेटच्या बटव्याकडे पाहिलं.

"नाडी नवीन आहे वाटतं, शेट?"

"तू समोर बघ," खेमाशेट म्हणाला आणि पाटी मांडीखाली घेऊन गाडीत बसला.

वाटभर तो राणीसाहेबांशी मनातल्या मनात बोलत होता. घाटात एका दगडावरून चाक गेलं. गाडी उडाली, आणि मागे कुठेतरी 'कट्' असा आवाज झाला.

"काय वाजलं?" खेमाशेट दचकला.

"मी नाही," चांद्या म्हणाला. "मोत्याही नाही."

दरबारात राणीसाहेब, त्यांचा म्हातारा वीणा-कारागीर आणि गाणारी मंडळी वाट पाहत होती. उत्सव त्याच संध्याकाळी होता. खेमाशेटने गाठोडं सोडता सोडताच सुरुवात केली, "राणीसाहेब, अशी निरोगी वीणा आपण पाहिली नसेल. जन्मात एक ओरखडा नाही—"

पेंढा बाजूला झाला. वीणेची मान मधोमध मोडून तारांना लोंबत होती.

खेमाशेटचं सगळं रक्त डोक्यात चढलं. तो गर्रकन सटवाजीकडे वळला.

"मेल्या! मोडलीस ना? भर भरपाई!"

"धागा कुठाय शेट?" सटवाजीने शांतपणे विचारलं. "धाग्यावर दोर बांधला असेल, तर बैल विकून भरतो."

आता खेमाशेटच्या लक्षात आलं, की आपण कुठे येऊन अडकलो. धागा होता म्हणावं, तर खोटं उघडं पडतं. नव्हता म्हणावं, तर नुकसान आपलं.

"धागा असा नव्हता," तो चाचरत म्हणाला. "पण... समजूतदार माणसाने ओळखायला हवं होतं."

"काय ओळखायचं, शेट?"

"की तिथे... थोडं नाजूक असू शकतं."

"घरंदाज आहे म्हणालात. पडत नाही, रडत नाही."

"अरे, माणसाचीसुद्धा मान नाजूकच असते!"

"म्हणून मी माणसांना दोराने बांधत नाही," सटवाजी म्हणाला.

गाणारी मंडळी हसली. कारागिराने मोडलेली जागा उजेडात धरली. "राणीसाहेब, हे लाकूड आज पहिल्यांदा नाही मोडलं. आत जुनी लाख आहे. इथे लाल धागा असणारच."

"मग गेला कुठे?" राणीसाहेबांनी विचारलं.

तेवढ्यात दरबाराच्या दारातून आत डोकावत चांद्या म्हणाला, "मला वाटेपासून विचारायचं होतं, पण कुणी बोलू देईना. बटव्याच्या नाडीला लाखेचा वास कसा काय येतो हो?"

सगळ्यांचे डोळे खेमाशेटच्या कमरेकडे वळले. लाल, हिरवी, पिवळी. खरंच छान दिसत होती.

खेमाशेट खाली बसला. "माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "आवडाईने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. सटवाजीची चूक नाही."

राणीसाहेबांनी वीणेच्या भोपळ्यावरून हात फिरवला. "आवडाईची वीणा? लहानपणी हिच्या समोर बसून मी ऐकलंय. इतके धागे असलेली वीणा म्हणजे इतक्यांदा कुणाला तरी ती पुन्हा हवीशी वाटली. तेच तुम्ही कापलंत!" मग त्या कारागिराकडे वळल्या. "संध्याकाळपर्यंत जोडाल?"

"जोडेन. पण मागून आधाराला सागाची जाड पट्टी हवी. वाळलेली, जुनी."

चांद्याने गाडीकडे मान केली. खेमाशेटच्या बसण्याच्या जागी सोनेरी अक्षरांची फळी उन्हात चमकत होती.

"ती नको," खेमाशेट कळवळून म्हणाला. मग मोडक्या मानेकडे पाहून तो स्वतःच उठला आणि फळी घेऊन आला. कारागिराने तिची पट्टी कापली, अक्षरं आतल्या बाजूला घालून मानेला बसवली, आणि नाडी उलगडून प्रत्येक धागा आपापल्या जागी बांधला. लाल धाग्याचा एक तुकडा उरला.

"मोडलं तिथे धागा, अशी आपली रीत," राणीसाहेब म्हणाल्या. "शेटचं काय मोडलं?"

"शब्द," सटवाजी म्हणाला.

"मग जिभेला बांधा."

"जीभ ओली असते, गाठ सुटेल," कारागीर विचार करून म्हणाला. "मिशी जवळच आहे."

आणि भर दरबारात खेमाशेटच्या उजव्या मिशीला लाल धागा बांधला गेला.

संध्याकाळी वीणा वाजली. गाणं वर चढत गेलं, आणि खाली जमीन भक्कम राहिली. दरबाराचा व्यापारी मात्र त्या वर्षी कोणीच झालं नाही.

खेमाशेट गावी परतला. गिऱ्हाईक येई, मिशीकडे बघे, हसे आणि विचारी. पहिल्यांदा त्याने सर्दीचं औषध आहे म्हणून सांगितलं. पण गाडीला चांद्या होता, त्याने गोष्ट आधीच गावभर केली होती. मग खेमाशेट खरं सांगू लागला. आणि एकदा मिशीचं खरं सांगितल्यावर भोपळ्याचं खोटं सांगायला जीभ वळेना. "इथे तडा आहे, इथे जोड आहे, इथे जपून धरा," असं तो बोट ठेवून दाखवू लागला. लोक विश्वासाने दाम देऊ लागले, आणि वीणा धड पोचू लागल्या.

पुढे एकदा सटवाजीने विचारलं, "शेट, आता काढून टाका की तो धागा. पुष्कळ झालं."

खेमाशेटने मिशीला हात लावला. "असू दे," तो म्हणाला. "कुठे जपायचं ते कळतं."

तात्पर्य: जोड लपवला की माणूस पुन्हा तिथेच मोडतो, दाखवला की सगळे तिथे जपून हात लावतात.