गाडीवरचा फलक

नगराध्यक्ष भाऊसाहेब इंगवले यांना आपली खासगी गाडी विमानासारखी पळायला हवी होती. इंजिनाच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग आणि नवं सस्पेन्शन मिळून गॅरेजवाल्यानं पावणेचार लाखांचं अंदाजपत्रक दिलं. ते त्यांनी पालिकेच्या नव्या लेखापाल नीलांबरी खाडे हिच्या टेबलावर टाकलं. "कुंभार गल्लीच्या रस्त्याच्या निधीतून भागवा."

"साहेब, गाडी रस्तेदुरुस्तीत कशी बसेल?"

"अहो, रस्ता दुरुस्त कशाला करतात? खड्डे जाणवू नयेत म्हणूनच ना? मग आता मला नाही जाणवणार! सही करा, मॅडम. नाहीतर बदली आहेच."

नीलांबरीला गल्लीतल्या खड्ड्यांत गाडे कलंडून फुटणारी मडकी आठवली. तिनं पेन उघडलं.

"करते, साहेब. फक्त रस्त्याचं काम म्हटलं की नियमानं कामाच्या जागी फलक लावावा लागतो. त्यावर कामाचं नाव, कुठला निधी, किती खर्च आणि ठळक अक्षरांत आपलं नाव. बॉनेटवर लावू की मागच्या काचेवर?"

मुतारीला रंग दिला तरी स्वतःच्या नावाचा फलक लावून घेणाऱ्या भाऊसाहेबांनी अंदाजपत्रकाची मुकाट्यानं घडी केली आणि ते खिशात घातलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "मला प्रसिद्धीची हाव नाही."