घोडे एकाकडे, स्वार दुसऱ्याकडे

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात विसाजी आणि हैबती नावाचे दोन भाऊ राहत होते. त्यांच्या वडिलांना जुनी लाकडी खेळणी जमवायचा नाद होता. गावोगाव फिरून त्यांनी घोडेस्वारांची एक अख्खी पलटण गोळा केली होती. प्रत्येक घोड्याच्या पाठीत एक भोक होते आणि प्रत्येक स्वाराच्या बुडाशी एक खुंटी. खुंटी भोकात गेली की स्वार ऐटीत बसे.

वडील गेले. घराची वाटणी झाली, भांड्यांची झाली. पलटणीपाशी मात्र दोघे अडून बसले. शेवटी पंच वैतागून म्हणाले, “एकाने घोडे घ्या, दुसऱ्याने स्वार. मिटवा एकदाचे!” थोरल्या विसाजीच्या वाट्याला स्वार आले, धाकट्या हैबतीच्या वाट्याला घोडे. त्या दिवसापासून भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले.

घोड्याविना स्वार काही उभे राहीनात. फाकल्या पायांनी ते कपाटात आडवे पडून राहिले. विसाजीला ते पाहवेना. मरण्याआधी एकदा तरी आपली पलटण उभी पाहायची, एवढीच त्याची इच्छा होती. एक स्वार पिशवीत टाकून तो घोडे शोधत फिरू लागला. गड पाहावा, पायथ्याची जत्रा धुंडाळावी आणि रिकाम्या हाताने परतावे. कुठल्याच घोड्यावर स्वार नीट बसेना. असे करता करता केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले.

एका गडाच्या जत्रेत जुनी खेळणी विकणारी बाई त्याला म्हणाली, “घोडे नाहीत बाबा. पण मघाशी एक म्हातारा असलेच लाकडी स्वार मागत होता. तुमच्यासारखंच नाक अन् तुमच्यासारख्याच आठ्या. वर गेलाय बघा.”

विसाजीला परत फिरावेसे वाटले. पण तो इतका दमला होता, की रागाचे ओझेही आता उचलवेना. तो गड चढू लागला.

दरवाज्याच्या पायरीवर हैबती वहाणा काढून बसला होता.

“दादा, तूसुद्धा?”

“मीसुद्धा. सरक जरा.”

दोघे दम खात बसले.

“घोडे मी देणार नाही हं,” हैबती पुटपुटला.

“नको देऊस. माझे स्वार तू घे.”

विसाजीने पिशवीतला स्वार काढून त्याच्या हातावर ठेवला. मग हैबतीनेही झोळीतून एक घोडा काढला आणि स्वार त्यावर बसवला. स्वार डुलू लागला.

“भलतेच स्वार कोंबून कोंबून भोक मोठं केलं मी,” हैबती ओशाळून म्हणाला.

“अन् मी खुंटी तासून तासून बारीक केली.”

विसाजीने पायरीच्या फटीतले वाळके गवत उपटून खुंटीभोवती गुंडाळले. स्वार बसला, पण जरा कललेला.

“उद्या बाकीचे घेऊन तुझ्याकडे येतो,” विसाजी म्हणाला.

“ये. गवत मी काढून ठेवतो.”

तात्पर्य: भांडून मिळवलेला अर्धा वाटा कुणालाच पुरत नाही; हट्ट सोडायचाच, तर पाय थकायची वाट पाहू नये.