चिलारुंगचा लगेच न फुटणारा चंबू

जावा बेटाच्या पश्चिम भागात, सुंदा लोकांच्या मुलखात, चिलारुंग नावाचे गाव आहे. निकाहनंतर सुंदा नवरा दारात पायाने अंडे फोडतो, नवरी चंबूतल्या पाण्याने त्याचा पाय धुते आणि चंबू तिथेच आपटते. संसारात निर्मळ पायाने शिरावे, हा त्यातला अर्थ. चिलारुंगला मात्र चंबू लगेच फुटत नाही. कारण विचारले की गावातले ओतोंग आजोबा पाहुण्यांना खाली बसवतात आणि सांगू लागतात.

फार पूर्वी शेजारच्या खोऱ्यातला वंगसा इथल्या रुमसिहशी लग्न करायला घोड्यांवरून वऱ्हाड घेऊन आला. झऱ्यातून येऊ नका, लग्नाचे पाणी तिथेच भरायचे आहे, असा निरोप त्याला वाटेतच मिळाला होता म्हणे. पण वळसा नको म्हणून त्याने सगळे घोडे झऱ्यातच घातले.

निकाह लागला. पैगंबर साहेब घरी आपली पादत्राणे स्वतः शिवत, घरच्या कामाला हात लावत, असे गावच्या धर्मगुरूंनी सांगितले. वंगसाने मान डोलावली. मग अंडे फुटले, आणि नवरीचा पत्ता नाही. बलकाने माखलेला पाय घेऊन तो उभा राहिला. वऱ्हाडी कुजबुजू लागले. अखेर रुमसिह चंबू घेऊन आली, तेव्हा तो सर्वांदेखत म्हणाला, "पाणी आणायला एवढा वेळ? आमच्या घरी हे चालायचं नाही."

खाली बसून तिने त्याचा पाय धुतला. तेव्हा त्याला पायरीवर तिच्या पावलांचे रक्ताळलेले ठसे दिसले.

तिचे वडील हळूच म्हणाले, "खालचं पाणी गढूळ झालं होतं. कड्यावरच्या झऱ्यावर गेली होती, अनवाणी. गढूळ पाण्याने तुमचे पाय कसे धुऊ, म्हणाली."

पाणी कुणी गढूळ केले, ते त्यांनी विचारले नाही. वंगसाची कानशिले शरमेने तापली. मघाशी धर्मगुरूंच्या कोणत्या शब्दांवर आपण मान डोलावली होती, तेही त्याला आठवले. रुमसिहने आपटायला चंबू उचलला, तसा त्याने तिचा हात धरला.

"थांब. घोडे माझे होते. मला निरोप मिळाला होता."

मग त्याने गुडघे टेकले आणि उरलेल्या पाण्याने तिचे पाय धुतले. त्याचा काका न जेवता निघून गेला. संध्याकाळपर्यंत वंगसाने मान वर केली नाही, असे सांगतात.

आजही चिलारुंगला चंबू आपटण्याआधी नवरा आपली एक चूक सर्वांसमोर कबूल करतो, मग नवरीचे पाय धुतो. काहींना तोंड उघडायला फार वेळ लागतो. तोवर कुणी हसत नाही, आणि नवरी चंबू धरून उभी राहते.