राजवैद्य भद्रकाची साक्ष

फार पूर्वी सोमावती नगरात वीरसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वैद्यकुळात जन्मले आणि मोठेपणी राजवैद्य झाले. त्यांचे नाव भद्रक. डोळ्यातला मोतीबिंदू शलाकेने, म्हणजे बारीक सळीने, दूर सारण्यात त्यांची बरोबरी करील असा वैद्य त्या राज्यात नव्हता.

सत्तरी ओलांडली त्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या हाताची बोटे थरथरू लागली. जेवताना घास सांडू लागला. त्यांनी हे कोणालाच सांगितले नाही. दरबारात ते हात उपरण्याखाली झाकून बसत. फक्त रोहकाने ते ओळखले होते. रोहक त्यांचा जुना शिष्य. आता तोही चाळिशीचा, निष्णात वैद्य झाला होता.

एके सकाळी पाटला नावाची विणकरीण आली. तिचा एक डोळा लहानपणीच देवी येऊन गेला होता. दुसऱ्यात मोतीबिंदू उतरला होता. रोहक हलक्या आवाजात म्हणाला, "आचार्य, आज मी शलाका धरू का?"

बोधिसत्त्वांना ते शब्द झोंबले. "मी अजून मेलो नाही," ते म्हणाले आणि त्यांनी शलाका उचलली.

शलाका निसटली. पाटलाचा उरलेला डोळाही कायमचा गेला.

तिच्या भावाने राजाकडे दाद मागितली. सुनावणीच्या आदल्या दिवशी अमात्य कालसेन बोधिसत्त्वांच्या घरी आला. "राजमातेचे डोळे तुमच्याच हातून बरे व्हायचे आहेत," तो म्हणाला. "राजवैद्याला बट्टा लागला तर महाराजांची शोभा होईल. बाईने मान हलवली, एवढेच सांगा. पुढचे मी बघतो."

'नाही' म्हणायला बोधिसत्त्वांची जीभ रेटली नाही, आणि याचीच त्यांना सर्वांत जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी राजाने आधी पाटलालाच विचारले. भावाचा हात धरून ती उभी होती. "महाराज," ती म्हणाली, "मी हललेही असेन. फार भीती वाटत होती. एवढे मोठे वैद्य कसे चुकतील? माझेच चुकले असेल."

सभेने सुटकेचा निःश्वास टाकला. कालसेन हसला. आता बोधिसत्त्वांना खोटे बोलण्याचीही गरज उरली नव्हती. नुसते गप्प बसले असते तरी भागले असते.

ते उठले. उपरणे बाजूला टाकून त्यांनी उजवा हात सर्वांसमोर धरला. तो पानासारखा हलत होता.

"बाई दगडासारखी स्थिर होती, महाराज. हलला तो हा हात. तीन महिने हलतो आहे. मला ठाऊक होते, शिष्याने सावधही केले होते. माझा मान जाईल म्हणून मी थांबलो नाही. तिचा डोळा माझ्या अहंकाराने गेला."

राजा संतापला. त्याने त्यांचे पद आणि घर काढून घेतले, आणि पाटलाला जन्मभर राजकोठारातून अन्नवस्त्र लावून दिले. ज्यांना बोधिसत्त्वांनी दृष्टी दिली होती, तेही रस्त्यात त्यांना पाहून तोंड फिरवू लागले.

बोधिसत्त्व पाटलाच्या दारी गेले. "मुली, तुझे सूत उकलून देईन, पाणी भरीन," ते म्हणाले.

पाटला म्हणाली, "बाबा, खरे बोललात म्हणून मी स्वतःला दोष देणे थांबवले. पण तुम्ही येऊ नका. तुमचा आवाज ऐकला की ती सकाळ पुन्हा समोर उभी राहते."

त्यांनी तिला दुरूनच नमस्कार केला. पुन्हा ते तिकडे गेले नाहीत.

रोहकाने त्यांना आपल्या घरी आणले आणि मुख्य आसनावर बसायला सांगितले. "तिथे तूच बस," बोधिसत्त्व म्हणाले. "औषधे कुटायला हा हात अजून चालतो." राजमातेचे डोळे रोहकाने बरे केले, तेव्हा ते ओसरीवर हिरडा कुटत होते. नवा शिष्य आला की ते त्याला समोर बसवत आणि पाटलाची हकीकत, स्वतःचे नाव न लपवता, सांगत. असे नऊ वर्षे जगून ते गेले.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळचा कालसेन म्हणजे आज स्वतःचे दोष झाकणारा भिक्षू तिस्सक, रोहक म्हणजे स्थविर सुमन आणि पाटला म्हणजे उपासिका खेमिका. तो राजवैद्य मीच होतो. पाटलाची दृष्टी त्या जन्मात परत आली नाही. झालेले मला पुसता आले नाही; ते तिच्या माथी न मारणे एवढेच हाती उरले होते. भिक्षूंनो, तीच माझी सत्यपारमिता, सत्याच्या आचरणाची पराकाष्ठा."