लोळणवाडीतलं रखडलेलं बारसं

दोन डोंगरांच्या बेचक्यात लोळणवाडी नावाची एक वाडी होती. वाडीत रानडुकरं राहत आणि मधोमध काळ्याभोर चिखलाचं एक डबकं होतं. डुकरं त्यात मनसोक्त लोळत, त्यामुळे त्यांना ऊन बाधत नसे आणि गोचीड चावत नसे. बाकी त्यांच्याजवळ काहीही नव्हतं. तेवढ्यावर त्यांचं बरं चाललं होतं, हेच शेजाऱ्यांना बघवलं नाही.

या वाडीत सगुणा नावाच्या डुकरिणीला आठ पिल्लं झाली. वाडीची रीत अशी, की बाराव्या दिवशी पिल्लाला चिखलाचं बोट लावायचं, डबक्यात बुचकळायचं आणि मगच नाव ठेवायचं. चिखल लागला नाही तर नाव नाही. लांडगा आला की आया पिल्लांना नावानिशी हाका मारत. ज्याला नाव नाही, त्याला हाकही नाही. म्हणून सगुणा दिवस मोजत होती.

वाडीची आणखी एक रीत होती. पाहुणा आला की आधी डबक्यात, मग गप्पा. दहाव्या दिवशी पलीकडच्या डोंगरावरून सिंह महाराजांचा वकील, हुप्पाजी वानर, सहज म्हणून आला. सगुणाने त्याला डबक्यात ढकललं आणि वर पाठही घासून दिली.

"मावशी!" हुप्पाजी बाहेर येऊन ओरडला. "माझी सात वर्षांची खाज गेली!"

"हे तर काहीच नाही," सगुणा फुशारून म्हणाली. "खाली अजून चार हत्ती बुडतील एवढा चिखल आहे."

हे बोलायला नको होतं. पण पाहुण्याने घरच्या वस्तूचं कौतुक केलं की भल्याभल्यांची जीभ सैल सुटते, सगुणा तर साधी डुकरीण.

सिंह महाराजांकडेही एके काळी भरपूर चिखल होता. तो त्यांनी लोळून, उधळून आणि मेजवान्यांत एकमेकांना फासून संपवला. आता अख्खा दरबार खाजवत बसलेला असे. खाजवता खाजवता डरकाळी फोडता येत नाही, ही राज्यकारभारातली फार मोठी अडचण आहे.

दुसऱ्याच दिवशी महाराज फौजफाट्यासह वाडीत दाखल झाले आणि उंच दगडावर चढले.

"बंधूंनो आणि भगिनींनो! आम्ही चिखलासाठी आलेलो नाही!" ते म्हणाले. तसं कुणी विचारलेलं नव्हतं. "आम्ही तुम्हाला मुक्त करायला आलो आहोत! तुमचा म्होरक्या मुसंडराव जुलमी आहे!"

हे मात्र खरं होतं. मुसंडराव दुपारपर्यंत एकटाच डबकं अडवून बसे आणि कुणी जवळ आलं तर चावे. डुकरांनी टाळ्या वाजवल्या. खुरांच्या टाळ्या वाजत नाहीत, पण भावना पोचली.

"शिवाय त्याने एक महाभयंकर हत्यार लपवलं आहे! चिखलात!"

"महाराज, चिखलात आम्हीच असतो," सगुणा म्हणाली. "हत्यार कधी टोचलं नाही ते."

"मावशी, अजून टोचलं नाही म्हणजे किती खोल लपवलंय बघा," हुप्पाजी म्हणाला.

मुसंडरावाने फौज पाहिली आणि तो शेपूट घालून पळाला. वाडी मुक्त झाली. मग हत्याराचा तपास सुरू झाला. वाडीत उजेड कमी पडतो म्हणून चिखल गाढवांवर लादून पलीकडच्या डोंगरावर नेऊ लागले. तिथे राणीसाहेब जातीने त्यात लोळून तपास करत. युवराज रोज दोनदा तपास करत. उन्हाळा वाढला तसा तपासही वाढला.

तपास सुरू झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे पिल्लांच्या बाराव्या दिवशी, सगुणा आठ पिल्लं घेऊन डबक्यावर गेली होती. तिथे एक तरस पहाऱ्यावर होता.

"आत जाता येणार नाही. हा चिखल जनतेचा आहे."

"अहो, पोरांचं बारसं आहे. बुचकळते नि जाते. मी जनताच आहे की!"

"म्हणून तर तुझ्यासाठी राखतोय," तरस म्हणाला.

त्याच आठवड्यात लांडगा आला. नाव नसल्यामुळे सगुणा नुसतीच "ए! ए!" म्हणून किंचाळली, तेव्हा वाडीतली यच्चयावत पोरं तिच्याकडे धावली आणि तिचीच दोन उलट दिशेला पळाली. एकाचं शेपूट गेलं. जीव वाचला, पण त्या दिवसापासून सगुणाच्या डोळ्याला डोळा लागेना.

मग निवडणूक झाली. एका बाजूला तरस उभा होता, दुसऱ्या बाजूला तरसाचा भाऊ. "चिखल गेला तरी चालेल, ताठ मान राहिली पाहिजे!" अशी दोघांचीही घोषणा होती. चिखलात खूर बुडवून मत उमटवायचं ठरलं होतं, पण तोवर खूर बुडेल एवढाही चिखल उरला नव्हता. म्हणून तरस बिनविरोध निवडून आला आणि भावाने त्याला हार घातला.

डबक्याच्या तळाचा खडक उघडा पडला, त्या दिवशी महाराजांनी निरोपाचं भाषण केलं. "हत्यार सापडलं नाही! म्हणजे तुम्ही आता पूर्ण सुरक्षित आहात!" जाताना त्यांनी एक दगड रोवला. त्यावर 'येथे स्वातंत्र्य मिळाले' असं कोरलं होतं. दगड खरबरीत होता, त्यामुळे अंग घासायला बरा पडे. डुकरांना त्याची आता सारखी गरज लागे.

एके दिवशी जांभळाखाली कंद उकरताना शेपूट गेलेल्या पिल्लाचा पाय रुतला. सगुणाने पाहिलं तर पायाला काळाभोर चिखल. तिला रडू फुटलं. वाडीभर ओरडत सुटावंसं वाटलं, पण या वेळी तिने जीभ आवरली. पिल्लांना तिने बुचकळलं नाही. प्रत्येकाच्या गालाला एकेक ठिपका लावला, कानात कुर्र केलं आणि हळूच नाव सांगितलं. पहिलं नाव बिनशेपट्याला मिळालं, गबरू. मग खड्डा पाल्याने झाकून ती त्यावर बसली.

थोड्याच दिवसांत हुप्पाजी आला. कराकरा खाजवत होता.

"मावशी, वाडीत कुठे चिखल उरलाय का हो?"

"चिखल?" सगुणा बसल्या जागेवरून म्हणाली. "तो काय असतो?"

हुप्पाजीने पिल्लांकडे निरखून पाहिलं. "मग यांच्या गालावर हे काळं काय?"

"तीट आहे. दृष्ट लागू नये म्हणून लावली."

"इथे आता कुणाची दृष्ट लागणार?"

सगुणाने पाला नीट अंगाखाली ओढून घेतला.

"लागते बाबा," ती म्हणाली. "रानात हल्ली स्वातंत्र्य वाटणारे फार फिरतात."